मीठ, मिरी आणि कागदावरचं नाव

(आपल्या सामुदायिक रेडिओवर बुधवारी दुपारी झालेलं भाषण)

कामं आवरली का? ज्यांची आवरली नसतील त्यांनी भाजी निवडत निवडत ऐका. आजचा विषय हात चालू ठेवून ऐकण्यासारखाच आहे.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. आठ मार्चच्या कार्यक्रमात काय काय ठेवायचं ते ठरत होतं. झिम्मा, फुगडी, एक नाटुकलं, पाहुण्यांचं भाषण, असं नेहमीचंच चाललं होतं. तेवढ्यात कॉलेजला जाणाऱ्या दोन पोरी उठल्या नि म्हणाल्या, "काकू, आम्ही रॅप करणार. आम्हीच लिहिलाय, एसटीवर आणि पाण्यावर."

झालं! अर्धी बैठक त्यातच गेली. एक मावशी म्हणाल्या, "ते हातवारे करून भांडल्यासारखं बोलतात, तेच ना? आपल्या स्टेजवर नको ग बाई." दुसरी म्हणाली, "त्यात शिव्या असतात." तिसरी म्हणाली, "पोरींना म्हणायचं ते म्हणू दे की." मी गटाची अध्यक्ष. मी आपलं म्हटलं, पुढच्या बैठकीत ठरवू. खरं सांगते, मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. मग दोघींना घरी बोलावलं, चहा टाकला आणि म्हटलं, "आता मला नीट समजावून सांगा."

त्यांनी मला दोन बायांची गोष्ट सांगितली. पुढे मी ती स्वतः शोधून वाचली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ऐकताना तुम्हाला परकी वाटणार नाही.

आधी रॅप म्हणजे काय ते बघू. ठेका धरून, यमक जुळवून बोललेलं गाणं म्हणजे रॅप. सूर फारसा नाही, बोलण्याची लय मोठी. आपण उखाणा घेतो तेव्हा काय करतो? भारुडात काय असतं? जात्यावर एकीने ओळ टाकायची नि दुसरीने ती पुढे न्यायची, हे आपल्या आज्या करतच होत्या. तेव्हा चीज नवी असली तरी तिचं बियाणं आपल्या ओळखीचं आहे.

या गाण्याचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागातला. तिथं गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय आणि बाहेरून आलेल्या लोकांची वस्ती. ११ ऑगस्ट १९७३ ची गोष्ट. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. हातात पैसे नव्हते. तिने राहत्या इमारतीतला हॉल घेऊन नाच-गाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ उभा राहिला. त्याला लोक डीजे कूल हर्क म्हणायचे. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा तो दोन तबकड्यांवर लांबवत राहिला नि पोरं नाचत राहिली. हिप हॉपचा वाढदिवस म्हणून आज जग तो दिवस मानतं. नाव भावाचं झालं. पण कार्यक्रम ठरवला, तिकीट लावलं, हिशेब धरला तो बहिणीने. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे हीच गोष्ट पुन्हा येणार आहे.

आता आपल्या दोघींकडे येऊ. एक शेरिल जेम्स, दुसरी सँड्रा डेंटन. सँड्राचा जन्म जमैका बेटावरचा, ती लहानपणी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आली. शेरिल न्यूयॉर्कचीच. दोघींची ओळख क्वीन्सबरो कम्युनिटी कॉलेजात झाली. एक शांत, दुसरी बोलघेवडी. शिकता शिकता दोघी सीअर्स नावाच्या मोठ्या दुकानात फोनवर बसायच्या. गिऱ्हाइकाला फोन लावायचा नि घेतलेल्या यंत्राच्या देखभालीची योजना विकायची. दिवसभर अनोळखी माणसांचं ऐकून घ्यायचं काम. आपल्याकडे कॉल सेंटरला पोरी जातात, तसंच.

तिथंच त्यांच्याबरोबर हर्बी एझोर नावाचा तरुण कामाला होता. तो ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेत होता. त्याला अभ्यासासाठी एक गाणं करून दाखवायचं होतं. त्याने या दोघींना विचारलं, गाल का? दोघींनी आधी कधी रॅप केला नव्हता. हो म्हणाल्या.

साल होतं १९८५. त्या वेळी दोन पुरुष रॅपरांचं ‘द शो’ हे गाणं सगळीकडे वाजत होतं. हर्बीने त्याला या दोघींच्या तोंडून उत्तर दिलं, ‘द शोस्टॉपर’. म्हणजे आपल्या कलगी-तुऱ्यासारखं. त्यांनी सवाल टाकायचा, यांनी जवाब द्यायचा. गाणं रेडिओवर लागलं नि लोकांनी उचललं. बघा, यांचंही सुरुवातीचं बोट रेडिओनेच धरलं.

तेव्हा त्यांच्या जोडीचं नाव वेगळंच होतं. पण गाण्यात एके ठिकाणी त्यांनी स्वतःला मीठ आणि मिरी म्हटलं होतं. ऐकणाऱ्यांच्या तोंडात तेच बसलं. मग तेच नाव पक्कं झालं, सॉल्ट-एन-पेपा. शेरिल झाली मीठ आणि सँड्रा झाली मिरी. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मीठ नि मिरपूड या दोन डब्या कायम शेजारी असतात. आपल्याकडे मीठ-मिरची म्हटलं असतं.

गाणं चाललं तशी नेक्स्ट प्लेटो नावाच्या छोट्या कंपनीने त्यांना घेतलं आणि १९८६ च्या डिसेंबरात त्यांचा पहिला अल्बम आला. नाव ‘हॉट, कूल अँड व्हिशस’. गरम, थंड आणि जहाल म्हणा हवं तर. तबकडी फिरवायला त्यांच्याबरोबर तिसरी एक मुलगी असायची. पहिली काही काळाने गेली आणि १९८७ मध्ये डिड्रा रोपर नावाची पोरगी आली. ती तेव्हा अजून शाळेतच होती. ती ‘स्पिंडरेला’ म्हणून ओळखली गेली. हिचं नाव लक्षात ठेवा.

या अल्बममध्ये काय होतं? मी दोनच गाण्यांबद्दल बोलते.

एक आहे ‘ट्रॅम्प’. या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ नुसता भटक्या. पण बाईला म्हटला की ती शिवी होते. आपल्याकडे ‘भटकभवानी’ म्हणतात ना, तसा. आता मला सांगा, गावभर फिरणाऱ्या, येणाऱ्या-जाणारीला टोमणे मारणाऱ्या पुरुषाला असा शब्द आहे का आपल्याकडे? शोधावा लागतो. ‘ट्रॅम्प’ हे मूळचं जुनं गाणं, १९६७ मध्ये ओटिस रेडिंग नि कार्ला थॉमस या जोडीने ते गाजवलं होतं. मीठ-मिरीने त्याचा ठेका घेतला आणि तो शब्द उचलून वाटेत बायांच्या मागे लागणाऱ्या पुरुषांवर ठेवला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. हसत हसत, टोमणा मारत. बस स्टँडवर उभं राहणाऱ्या आपल्या पोरींना त्यातली मजा लगेच कळेल.

दुसरं ‘पुश इट’. हे पहिल्या छपाईत नव्हतंच. ‘ट्रॅम्प’ची वेगळी तबकडी काढली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला भरायला म्हणून हे केलं. नाचाचं गाणं, शब्दांत फार काही नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅमेरॉन पॉल या डीजेने त्याचा ठेका पुन्हा बांधून रेडिओवर लावलं नि मागच्या बाजूचं गाणं पुढं आलं. अमेरिकेच्या यादीत १९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढच्या प्रतींत कंपनीने ते अल्बममध्येच घातलं. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम झाला. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. त्या मंचावर या दोघी गायल्या आणि ब्रिटनमध्ये ते गाणं दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं.

एका देशात १० लाखांवर प्रती खपणं ही काय साधी गोष्ट आहे? अमेरिकेत तेवढ्या खपल्या की ‘प्लॅटिनम’ म्हणतात. रॅप करणाऱ्या बायांना हा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. तो या पहिल्याच अल्बमला मिळाला. तोवर कंपन्या म्हणायच्या की रॅप पुरुषांचं काम, बायांचं कोण घेणार? आपल्याला बँकेत म्हणायचे तसंच, बायका कर्ज फेडणार का? उत्तर दोन्हीकडे खात्यावरच्या आकड्यानेच दिलं.

त्यांची कणखरपणाची एक गोष्ट सांगते. १९८९ मध्ये ग्रॅमी या मोठ्या पुरस्कारात पहिल्यांदा रॅपसाठी बक्षीस ठेवलं. ‘पुश इट’चं नाव त्यात होतं. पण ते बक्षीस टीव्हीवर दाखवणार नाही असं ठरलं होतं. तेव्हा या दोघी आणि इतर काही रॅपर त्या समारंभाला गेलेच नाहीत. मागच्या दाराने मान घ्यायचा नाही म्हणाल्या. पुढे १९९५ मध्ये ग्रॅमी त्यांना मिळालंच.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, छान, दोन पोरींनी नाव काढलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मग आमच्या पोरींपैकी धाकटी म्हणाली, "काकू, पण गाणी त्यांची नव्हती." मी म्हटलं, म्हणजे काय?

म्हणजे असं. त्या पहिल्या अल्बमचे बहुतेक शब्द हर्बीचे. संगीत कसं बांधायचं ते हर्बीने ठरवलेलं. बायांनी बोलावं काय, हेही पुष्कळसं त्यानेच लिहिलेलं. त्यातलं एक गाणं तर ‘तुझा माणूस मी पळवीन’ अशा अर्थाचं आहे. मला ते आवडलं नाही, उघड सांगते. बायांनी पुरुषावरून एकमेकींच्या झिंज्या धराव्यात हे आपल्या सीरियलवाल्यांनाही फार आवडतं. आवाज दोघींचा होता, पण लेखणी दुसऱ्याच्या हातात होती. आणि कागद? १९८६ चा करार झाला तो हर्बीची कंपनी आणि नेक्स्ट प्लेटो यांच्यात.

हर्बीला मी वाईट ठरवत नाही. त्यानेच या दोघींमधलं ओळखलं, शिकवलं, रात्रीचा दिवस केला. पण पैसा यायला लागला तशी कोणाला किती, हा प्रश्न आला आणि त्यावरून बिनसलं. मग शेरिलने लेखणी हातात घेतली. ‘एक्स्प्रेशन’ हे गाणं तिने स्वतः लिहिलं नि स्वतःच बांधलं. रॅपच्या यादीत ते आठ आठवडे पहिलं राहिलं. पुढे याच बायांनी आपल्या एका गाजलेल्या गाण्याचे शब्द बदलून १९९२ मध्ये एड्सबद्दल गाणं केलं. ज्या विषयावर लोक घरात तोंड उघडत नव्हते तो त्यांनी ठेक्यावर घेतला. आरोग्याच्या बैठका घेणाऱ्या आपल्या आशाताईंना त्याचं मोल कळेल.

आता शेवटचा धागा. अमेरिकेत १९७६ चा एक कायदा आहे. कलावंताने तरुणपणी आपले हक्क कंपनीला लिहून दिले असतील, तर ३५ वर्षांनी रीतसर नोटीस देऊन ते परत मागता येतात. का? कारण पहिली सही करताना माणूस गरजू असतो, हे कायद्यालाही माहीत आहे. सॉल्ट-एन-पेपाने ते मागितले. आता त्यांची जुनी मुद्रणं युनिव्हर्सल या बलाढ्य कंपनीकडे आहेत. कंपनी म्हणाली, तुमच्या मालकीचं मुळात काही नव्हतंच, मग परत काय मागता? २०२५ च्या मे महिन्यात दोघी न्यायालयात गेल्या. त्यातली वकिली मी सांगत बसत नाही. एवढंच बघा, पहिल्या अल्बमला जवळजवळ चाळीस वर्षं झाली, सगळ्या जगाने तो आवाज ओळखला, त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना मानाचं स्थान मिळालं, आणि तरी त्यांना विचारावं लागलं की हे आमचं आहे का.

हे ऐकताना मला माझी आत्या आठवली. ही गोष्ट मी आजवर घरातही कोणाला सांगितलेली नाही.

आमची आत्या ओव्या रचायची. नुसत्या ऐकलेल्या गायची नाही, स्वतःच्या रचायची. तिचा पाठचा भाऊ विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. त्याच्यावर तिने रचलेल्या ओव्या ऐकून बाया जातं थांबवायच्या. मी चौथीत असेन. शहरातून दोन माणसं टेप घेऊन आली. दिवसभर आत्याला गायला लावलं. जाताना नारळ नि ब्लाऊजपीस दिला. दोन वर्षांनी जत्रेत एका दुकानावर कॅसेट वाजत होती, आवाज आत्याचा! तिने कमरेची पिशवी सोडून पैसे मोजले नि कॅसेट घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिने ती माझ्यापुढे धरली नि विचारलं, "माझं नाव कुठं लिवलंय ग?"

मी बघितलं. कंपनीचं नाव होतं, संगीत करणाऱ्याचं नाव होतं. आणि ओव्यांपुढे लिहिलं होतं, ‘पारंपरिक’. मी त्या शब्दावर बोट ठेवलं नि म्हटलं, "हे बघ, इथं." आत्याने त्या शब्दावरून हात फिरवला. ती असेपर्यंत ती कॅसेट देव्हाऱ्याशेजारी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो शब्द दाखवायची.

मी तेव्हा लहान होते, तिचं मन मोडू नये म्हणून बोलले. पण मैत्रिणींनो, तिचं नाव तिथं नव्हतं. भावाच्या मरणावर तिने रचलेलं ‘पारंपरिक’ कसं असेल?

आज आपल्याकडेही कायदा थोडा सुधारला आहे. २०१२ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात बदल झाला. गाणं लिहिणाऱ्याचा आणि संगीत देणाऱ्याचा रॉयल्टीतला, म्हणजे कमाईतला, वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. पण तो वाटा मागताना ते गाणं आपलं आहे हे कागदावर असलेलं बरं. आपल्या गटातल्या पोरी मोबाईलवर गाणी भरतात, संस्था येऊन आपल्या पाककृती, आपल्या गोष्टी नेतात. त्यांना नाही म्हणू नका. पण विचारा: नाव कुणाचं घालणार? कुठं वापरणार? पैसे आले तर कुणाचे? आणि लिहिलेल्या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवा. सातबाऱ्यावर नाव लावायला आपण तलाठ्याकडे खेटे घालतो ना? शब्द हीसुद्धा आपली जमीनच आहे.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. स्पिंडरेलाचं नाव लक्षात ठेवा म्हटलं होतं. कितीतरी वर्षं ती या दोघींबरोबर उभी होती. २०१९ मध्ये तिने या दोघींवरच दावा लावला. माझा वाटा मला नीट मिळाला नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुढे ते आपसात मिटलं. कोण किती खरं ते आपल्याला इथून सांगता येणार नाही. पण मला ते वाचून आपला गट दिसला. अध्यक्ष, सचिव यांची नावं सगळीकडे असतात, पेपरात फोटो येतो. पापड लाटणारी, शिक्का मारणारी, वजन करणारी तिसरी कुठे असते? वरच्याकडून हिशेब मागणाऱ्या बाईने शेजारणीचाही हिशेब चोख द्यायला हवा. हे मी आधी मलाच सांगतेय.

तर आमच्या त्या दोन पोरींचं काय झालं? परवा पुढची बैठक झाली. मी ही सगळी गोष्ट तिथे सांगितली. मग पोरींना म्हटलं, म्हणून दाखवा. त्यांनी उभ्या राहून म्हटलं. एसटी न थांबल्यामुळे चुकलेला पेपर, हंडा घेऊन केलेली तिसरी खेप, सगळं त्यात होतं. शिवी एकही नव्हती. सुरुवातीला नको म्हणणाऱ्या मावशींनी मध्येच टाळीचा ठेका धरला. शेवटी म्हणाल्या, "हे तर आमचंच भांडण आहे की! जरा हळू म्हणा, म्हणजे आम्हाला सगळं कळंल." महाराष्ट्रात अशा पोरी आता पुढे येतायत बरं का. ‘माही जी’ या नावाने रॅप करणारी मुलगी आदिवासी समाजातली आहे, तिचं ऐकून बघा.

कार्यक्रमात रॅप ठरला. आणि बैठकीच्या वहीत ठरावाखाली मी एक ओळ वाढवली: शब्द अमुक आणि अमुक हिचे, डफ वाजवणार अमुक. तिघींची पूर्ण नावं, आईच्या नावासकट. तिघींनी सह्या केल्या. वाजवणारी म्हणाली, "माझं कशाला काकू, मी नुसता डफ वाजवणार." मी म्हटलं, तुझं आधी.

आता तुमच्या गटात या आठवड्यात तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावात रचणारी, गाणारी, गोष्ट सांगणारी बाई कोण आहे, आणि तिचं नाव कुठे लिहिलेलं आहे का? गटाच्या मालाच्या पाकिटावर कुणाकुणाचं नाव आहे, नि कुणाचं राहिलंय? आणि गेल्या वर्षभरात आपण न वाचता कशाकशावर सही केली?

उत्तरं आपल्या रेडिओ केंद्रावर कळवा. आणि एक विनंती. तुमच्या घरी कुणी ओव्या रचणारी असेल तर आजच तिच्याजवळ बसा, ओवी लिहून घ्या नि खाली तिचं नाव लिहा. माझ्या आत्याचं मी आता लिहिलंय. त्या जुन्या कॅसेटच्या कव्हरवर, ‘पारंपरिक’ या शब्दाच्या शेजारी, पेनाने.

येते मैत्रिणींनो. पुढच्या बुधवारी भेटू. नमस्कार.